पिकते तिथे विकत नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये 'वॉक-ऑन' असा एक शब्द रूढ आहे. वॉक-ऑन म्हणजे आपल्या पायाने मैदानावर चालत आलेला. विद्यापीठाने ज्याला शिष्यवृत्ती दिली नाही, तरीही जो संघात दाखल होतो, पहाटेपासून सराव करतो, हाडे मोडून घेतो आणि वर फीही घरूनच भरतो, तो वॉक-ऑन. हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन अंगाला अंग भिडवायचा तो खेळ आहे.

तेथील अनेक घरांत दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. मुलगा गावातला. जवळच्या मोठ्या विद्यापीठाचा प्रशिक्षक सांगतो, ''तू तर आमचाच. संघात ये, शिष्यवृत्तीचे पुढे बघू.'' त्याच वेळी दूरच्या एखाद्या लहान कॉलेजचे शिष्यवृत्तीचे पत्र घरी येऊन पडलेले असते. अशा मुलाने काय करावे?

प्रथम प्रशिक्षकाचे गणित समजून घेतले पाहिजे. शिष्यवृत्त्यांवर बंधन होते. राष्ट्रीय क्रीडासंस्था एनसीएएने १९७३ साली मोठ्या संघांना १०५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातली, १९७८ साली ती ९५ वर आणली आणि १९९४ पर्यंत ८५ वर. संघात मात्र शंभराच्या वर मुले लागतात. मग ८५ पत्रे कोणाला द्यायची? जो हातचा निसटेल त्याला, म्हणजे परराज्यातल्या मुलाला. घरचा मुलगा कुठे जातो? लहानपणापासून त्याच संघाचा झेंडा त्याच्या भिंतीवर आहे. तो फुकटातही येईल! आपल्याकडे म्हणतातच, पिकते तिथे विकत नाही.

या व्यवस्थेचे सर्वांत गाजलेले उदाहरण नेब्रास्का विद्यापीठाचे. हे शेतीप्रधान राज्य. लोकसंख्या आजही सुमारे २० लाख, व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ या काळात खेड्यापाड्यांतल्या मुलांना वॉक-ऑन म्हणून मोठ्या संख्येने घेतले, त्यांना मेहनतीने घडवले आणि १९९४, १९९५ व १९९७ असे तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तेथे वॉक-ऑन असणे हा कमीपणा नव्हता, मान होता. हे आम्ही नाकारत नाही.

वैयक्तिक उदाहरणेही आहेत. जॉर्जिया राज्यातल्या ब्लॅकशिअर या लहान गावचा स्टेट्सन बेनेट २०१७ साली जॉर्जिया विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून आला, वर्षभराने मिसिसिपीतल्या एका ज्युनियर कॉलेजात गेला, २०१९ साली शिष्यवृत्तीवर परतला आणि २०२१ व २०२२ या दोन्ही हंगामांत संघाला विजेता करून गेला. जे. जे. वॉट याने तर हातातली शिष्यवृत्ती सोडली, पिझ्झा पोहोचवण्याचे काम केले, विस्कॉन्सिनच्या संघात बिनशिष्यवृत्तीचा दाखल झाला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये तीन वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

परंतु वाचकहो, या कथा आपल्याला का ठाऊक आहेत? कारण ते जिंकले. जो चार वर्षे सरावात इतरांचे धक्के खात राहिला, एकाही सामन्यात उतरला नाही आणि शेवटी कर्ज घेऊन घरी गेला, त्याची कथा कोण छापणार? एका बेनेटकडे बोट दाखवून शेकडो मुलांना फुकट राबवणे, हा न्याय नव्हे. शिवाय चार वर्षे फी भरून, नोकरी न करता खेळणे कोणाला परवडते? ज्याच्या बापाला परवडते त्याला. गरिबाच्या, विशेषतः कृष्णवर्णीय गरिबाच्या मुलाला 'आधी खेळून दाखव, मग बघू' असे सांगणे म्हणजे दार उघडे ठेवून उंबरठा छातीएवढा बांधण्यासारखे आहे.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी, म्हणून कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण तो कामगार नव्हता! 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द त्याच दशकात एनसीएएने रूढ केला आणि पुढे अशा दाव्यांविरुद्ध तो ढालीसारखा वापरला गेला. शब्दसुद्धा माणसाचा हक्क काढून घेऊ शकतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

२०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रकरणात राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने शिष्यवृत्तीधारक फुटबॉलपटूंना कर्मचारी ठरवले. आणि वॉक-ऑनना? वगळले! कारण त्यांना मोबदलाच मिळत नाही. म्हणजे ज्याला काहीच दिले नाही, त्याला काही दिले नाही म्हणूनच हक्कही नाही. पुढे २०१५ साली मंडळाने प्रकरणात लक्ष घालण्यासच नकार दिला, हा भाग वेगळा.

ताजी गोष्ट २०२५ ची. 'हाऊस विरुद्ध एनसीएए' या दाव्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी मान्यता दिली. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायचे, पहिल्या वर्षी कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली. त्याऐवजी फुटबॉलच्या रोस्टरवर १०५ ची मर्यादा आली. आमच्या वाचकांना रोस्टर म्हटले की बिंदुनामावली आठवते. तेथे त्याचा अर्थ संघाची यादी. यादी आखडली तेव्हा पहिली कुऱ्हाड कोणावर पडली? वॉक-ऑनवर. मान्यतेआधीच मुलांना काढणे सुरू झाले. त्यांनी हरकती घेतल्या, न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये मान्यता रोखली, तेव्हा कुठे अशा मुलांना मर्यादेतून सूट मिळाली. पण त्यांना परत घ्यायचे की नाही, हे विद्यापीठाच्याच मर्जीवर राहिले. ज्याच्या हातात कागद नाही, त्याच्या वाट्याला मर्जीच येते.

शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे, करार आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानाशी लेखी करार करून. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा, ही त्यातली अट होती. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला काय बांधले आहे, हे कागदावर होते. त्याच कोलंबियासह आयव्ही लीगची विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती कोणालाच देत नाहीत. घरच्या गरजेनुसार मदत करतात. तेथे निदान स्थानिक आणि बाहेरचा असा भेद तरी नाही.

मग स्थानिक मुलाने विनाशिष्यवृत्ती जावे काय? आमचे उत्तर असे. ते विद्यापीठ त्याने फुटबॉल नसतानाही पदवीसाठी निवडले असते, राज्यातल्या रहिवाशाची कमी फी आणि पेल ग्रँटसारखी सरकारी मदत धरून कर्ज आवाक्यात राहत असेल, आणि दुखापतीचा खर्च कोण व किती वर्षे करणार हे लेखी मिळत असेल, तर खुशाल जावे. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचा विचार कोणत्या निकषावर होईल, तेही विचारावे. पण दुसरीकडे पूर्ण शिक्षणाचे पत्र हातात असताना केवळ 'तू आमचाच' या शब्दावर ते फाडू नये. जो आपला म्हणतो, त्याने आधी आपल्यासारखे वागवावे.

आणि विद्यापीठांना एकच विचारायचे आहे. मुलगा तुमचाच आहे, तर त्याचे पत्र शेवटी का?