नाव धोंडो, कारभार दांडगा!

आजच्या बालवाडीच्या हजेरीपटावर अद्वैत, विहान, रेयांश यांची रांग लागते; धोंडो शोधूनही सापडत नाही. पण इतक्या मायेनं ठेवलेलं नाव मराठीत क्वचितच असेल. पूर्वी ज्या घरात मुलं हाताला लागत नसत, तिथे नव्या बाळाला मुद्दाम दगडधोंड्याचं, केरकचऱ्याचं नाव देत. दगडू, केरू, कचरू, भिकू ही त्याचीच भावंडं. अशा पोराला दृष्ट लागत नाही आणि काळही त्याच्याकडे वळून बघत नाही, ही श्रद्धा!

दुसरी वाट पंचांगातून येते. अधिक मास म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात जन्मला तो धोंडू. साधारण 32-33 महिन्यांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाची चंगळ असते. वाण 33 अनारशांचं, आणि पानात पुरणाचे धोंडे: कणकेच्या पारीत पुरण भरून उकडलेले, वर साजूक तुपाची धार.

आता मानकरी बघा. धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी. जन्म 1858चा. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, 1958 साली शंभरीत भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. हयातीत हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. 1962 साली गेले तेव्हा वय 104. काळ खरंच वळून बघायला विसरला होता!

1857 गाजवणाऱ्या नानासाहेब पेशव्यांचं नावही धोंडोपंत. ते थेट फ्रान्सला पोचलं: ज्यूल व्हर्नच्या 1880च्या ‘द स्टीम हाउस’ कादंबरीत नानासाहेब ‘दांदू पंत’ म्हणून वावरतात.

घराघरांत नावाचं रूप मात्र पालटतं. कुठे धोंडो, कुठे धोंडीबा, कुठे धोंडीराम. मुलीही मागे नाहीत: केसरबाई केरकरांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी जयपूर-अत्रौली घराण्याच्या नामवंत गायिका होत्या. दादासाहेब फाळक्यांना मात्र या यादीत ओढू नका. ते धुंडिराज, आणि ते नाव काशीच्या गणपतीचं.

2026चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. त्या दिवसांत घरात मुलगा जन्मला, तर निदान पाळण्यातलं नाव धोंडो ठेवा, ही माझी मनापासूनची शिफारस.