आठ सेकंदांची स्वारी

दोस्तांनो, मनातल्या मनात आठपर्यंत आकडे मोजा पाहू. झाले? एवढाच वेळ! पण तो सातशे-आठशे किलोच्या उधळलेल्या बैलाच्या पाठीवर काढायचा असेल तर? तोही एकाच हाताने दोर धरून! दुसरा हात बैलाला नुसता लागला, तरी स्वार बाद. हा अमेरिकेतल्या रोडिओचा खेळ. गुण शंभरपैकी, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे चक्क बैलाचे! बैल जितका द्वाड, तितके गुण जास्त. म्हणून गरीब बैल कुणालाच नको असतो.

१९७२ सालच्या 'ज्युनिअर बॉनर' या चित्रपटाचा नायक असाच एक स्वार. (स्टीव्ह मॅक्वीनने हे काम झकास केलंय.) चाळिशी गाठलेली, बरगड्या दुखावलेल्या, खिसा रिकामा. 'सनशाइन' नावाच्या बैलाने त्याला नुकतंच धुळीत लोळवलंय. जुन्या मोटारीमागे घोड्याची गाडी जोडून तो ॲरिझोनातल्या आपल्या गावी, प्रेस्कॉटला येतो. या गावात खरोखरच १८८८ पासून रोडिओ भरत आलाय. शूटिंगही १९७१ च्या खऱ्या रोडिओच्या गर्दीत झालं, त्यामुळे मिरवणूक पाहताना आपण जत्रेतच उभे आहोत असं वाटतं.

येऊन पाहतो तर काय, वडिलांच्या घरावर बुलडोझर चालतोय! धाकट्या भावाने ती जमीन घेऊन घरं विकायचा धंदा मांडलाय. वडीलही एके काळचे नावाजलेले स्वार. त्यांना आता ऑस्ट्रेलियात जाऊन सोनं शोधायचंय, पण तिकिटाला पैसे नाहीत. भाऊ ज्युनिअरलाही धंद्यात बोलावतो. तो नको म्हणतो. का, ते आपणच ओळखायचं.

त्याला हवा असतो सनशाइनच. कुणाला कोणता बैल, हे खरं तर चिठ्ठी टाकून ठरतं. ज्युनिअर मात्र बैल पुरवणाऱ्याला गळ घालतो, 'तोच मला मिळू दे, बक्षिसातला अर्धा वाटा तुझा.' हे काही मला पटलं नाही. पण अख्खा गाव बघत असताना, ज्याने पाडलं त्याच्याच पाठीवर पुन्हा बसणं ही काय गंमत आहे?

दिग्दर्शक सॅम पेकिन्पा बंदुकांच्या धडाक्यासाठी प्रसिद्ध. इथे कुणालाही गोळी लागत नाही. म्हणूनच की काय, तेव्हा चित्रपट फारसा चालला नाही. (पाहायचा तर आईबाबांबरोबर, गुत्त्यातली हाणामारी आहे.)

फाटक उघडतं. सनशाइन उसळतो, गिरक्या घेतो. एक... दोन... या वेळी ज्युनिअर आठ सेकंद टिकतो! बक्षीस हातात पडताच तो वडिलांसाठी ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढतो, आणि मोटार सुरू करून पुन्हा रस्त्याला लागतो.