वायनरीत दोन तास, बाकी दिवस जिल्ह्यात

मुंबई-पुण्याहून वाइनसाठी नाशिकला येणाऱ्यांचा बेत ठरलेला असतो. गंगापूर धरणाच्या अंगानं एखादी वायनरी, चार-सहा पेल्यांची चव, पिझ्झा, फोटो आणि अंधाराच्या आत परतीचा घाट. मजा येते, नाही असं नाही. पण ज्या जिल्ह्यात ही वाइन होते तो जिल्हा बघायचाच राहतो.

मुळात इथली वाइन वयानं लहान. ‘सुला’ ही वायनरी 1999 ची, राज्याचं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण 2001 चं. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतचा शेतकरी त्याआधीच खायच्या द्राक्षात मुरलेला होता. वाइनचं द्राक्ष मात्र वेगळं: मणी बारीक, साल जाड, आत बिया. रेड वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतून. युरोपात वेल थंडीत झोपतो नि उन्हाळ्यात फळतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरता फळछाटणी. ऐन पावसात घड आले तर डावणी हा रोग त्यांचा फडशा पाडतो. त्यामुळे घड हिवाळ्यातल्या गार रात्रींत पोसतात आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. मांडवाखाली उभं राहून हे बघायचं असेल तर जायचे महिने हेच.

खाण्याची सुरुवात सकाळी मिसळीनं करा. ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-कांदा, बाजूला पापड, दह्याची वाटी, पाव आणि वेगळ्या भांड्यात रस्सा. तो आधी थोडाच ओता, नाहीतर शेव भिजून लगदा होतो. मिसळीबरोबर कोणती वाइन, असं हल्ली विचारतात. माझं मत: कोणतीही नको, ताक घ्या. शेनिन ब्लांची किंचित गोडसर बाटली दुपारी साबुदाणावड्याबरोबर उघडा, तिथे ती शोभते. जाताना कोंडाजीचा चिवडा बांधून घ्या.

शहरातच अर्धा दिवस सहज जातो. गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली, म्हणजे मूळची पोर्तुगिजांची. पंचवटीत काळाराम मंदिर; 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो इथे. शहराबाहेर पांडवलेणी. नाव पांडवांचं, पण लेणी बौद्ध. त्यांतलं एक लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, दान दिल्याचं शिलालेख सांगतो.

एका दिवसाची सहल करायची तर मी आधी सिन्नर सांगेन, सुमारे तीस किलोमीटर. यादवकाळातलं गोंदेश्वर हे काळ्या दगडाचं शिवपंचायतन: मधे शंकर, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, सूर्य, पार्वती. त्र्यंबकेश्वर बहुतेकांचं झालेलं असतं. तरी जाणार असाल तर गर्दीची तयारी ठेवा. चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, भिंतीवरच्या चित्रांसाठी थांबावं असा.

येवल्याला मात्र पूर्ण दिवस द्या. पैठणीच्या मागाजवळ बसा आणि पदराचं काम बघा. मोराच्या गळ्याचा निळा, पंखाचा हिरवा, चोचीचा लाल, प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी. विणकर ती बोटांनी ताण्यात घालतो, शेजारच्या रंगात अडकवतो, मग पुढची उचलतो. पदर उलटून बघा, पैठणी हातमागावरची असेल तर मोर मागच्या बाजूनंही तितकाच नेटका दिसतो. तात्या टोपे जन्मले ते याच गावात. आणि 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा केली तीही इथेच. त्या जागी आता मुक्तिभूमी स्मारक आहे.

पक्षी बघणाऱ्यांनी निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला पहाटेच पोहोचावं. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 मध्ये जाहीर झालेलं.

शेवटी कामाच्या गोष्टी. वायनरीची वेळ आधी ठरवून घ्या, शक्यतो शनिवार-रविवार सोडून. ड्राय डे कॅलेंडरवर बघून निघा. चव घेणाऱ्यानं गाडी चालवू नये. आणि एप्रिलमध्ये जाऊ नका. तेव्हा छाटणी झालेली असते आणि मांडवाखाली नुसती खोडं दिसतात.