चष्म्यातील दर्शक आणि वाहनचालकाचे अवधान

इ. स. २०१३ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील सॅन डिएगो येथील महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याच्या संशयावरून एका पोलीस अधिकाऱ्याने एक मोटार थांबविली, तेव्हा चालक महिलेच्या चेहऱ्यावर त्यास ‘गुगल ग्लास’ हे यंत्र दिसले. चष्म्याच्या उजव्या बाजूस वरच्या अंगाला बसविलेला एक लहानसा लोलक आणि त्यातून डोळ्यापुढे तरंगणारी अक्षरे व चित्रे, असे त्या यंत्राचे स्वरूप होते. चालकास दिसेल अशा ठिकाणी करमणुकीचा वा कामकाजाचा मजकूर दाखविणारा पडदा सुरू ठेवून वाहन चालविण्यास कॅलिफोर्नियाच्या वाहनकायद्याने मनाई केलेली आहे. या कलमाखाली त्या महिलेवर आरोप ठेवण्यात आला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष ठरविले. हे यंत्र कलमाच्या कक्षेत येऊ शकते, हे न्यायालयाला अमान्य नव्हते; परंतु वाहन चालू असताना यंत्रही सुरू होते, याचा निःसंशय पुरावा सरकारपक्षास देता आला नाही.

ग्लासची सर्वसामान्यांसाठी होणारी विक्री २०१५ मध्ये थांबली आणि उद्योगधंद्यांसाठी काढलेली तिची आवृत्तीही २०२३ मध्ये बंद झाली. प्रश्न मात्र संपला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत मेटा कंपनीने उजव्या भिंगातच दर्शक सामावलेला चष्मा विक्रीस आणला. मनगटावरील पट्टा स्नायूंचे सूक्ष्म विद्युत्-संकेत टिपतो आणि बोटांच्या हलक्या चाळ्याने हा दर्शक चालतो. चष्मा दिसण्यात साध्या चष्म्यासारखा असून दर्शकावरील मजकूर समोरच्या माणसाला जवळजवळ दिसत नाही. सॅन डिएगोच्या अधिकाऱ्यास निदान यंत्र तरी दिसले होते. यापुढे तेही दिसेल अशी खात्री देता येत नाही.

अशा दर्शकांस परवानगी द्यावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर पाहता सबळ आहे. दूरध्वनी पाहण्यासाठी चालकास मान खाली घालावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते, आणि तेवढे अंतर चालक रस्ता न पाहताच काटतो. वाहनातील उपकरणांसाठी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांतही एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ दृष्टी रस्त्यावरून ढळू नये हीच कसोटी आहे. चष्म्यातील दर्शकामुळे मान वळवावी लागत नाही, हात सुकाणूचक्रावर राहतात, डोळे समोर राहतात. मग हरकत कोणती?

हरकत अशी की, डोळे समोर असणे आणि समोरचे दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मानसशास्त्राच्या अभ्यासकांस हे नवीन नाही. नायसर आणि बेकलेन यांनी १९७५ मध्ये दोन चलच्चित्रे एकाच जागी एकमेकांवर पाडून दाखविली. एकात हातांवर टाळी देण्याचा खेळ होता, दुसऱ्यात चेंडूचा. प्रेक्षकांना एका खेळाचे अनुसंधान ठेवणे सहज जमले. पण दुसऱ्या खेळात घडलेल्या चमत्कारिक घटना, त्याच जागी दृष्टी असूनही, बहुतेकांच्या ध्यानात आल्या नाहीत. सायमन्स आणि शाब्री यांनी १९९९ मध्ये केलेला गोरिलाचा प्रयोग आता पाठ्यपुस्तकांतून सर्वतोमुखी झाला आहे. चेंडूच्या फेका मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाचा वेष दिसला नाही. या अनवधानजन्य अंधतेचे कारण डोळ्यांत नसून अवधानाच्या वाटणीत आहे.

प्रस्तुत विषयाशी अधिक निकट असा पुरावा विमानचालनातून मिळतो. वैमानिकाच्या दृष्टिरेषेत पारदर्शक काचेवर वेग, उंची इत्यादी माहिती पाडण्याची सोय करण्यात आली, त्यामागील तर्क चष्म्याच्या पुरस्कर्त्यांचाच होता. फिशर, हेन्स आणि प्राइस यांनी १९८० मध्ये नासा संस्थेसाठी अनुभवी वैमानिकांवर कृत्रिम विमानकक्षात प्रयोग केले. नेहमीच्या उड्डाणात या दर्शकाचा वैमानिकांना उपयोग झाला. परंतु उतरण्याच्या ऐन क्षणी धावपट्टीवर दुसरे विमान आडवे आणून ठेवले असता काही वैमानिकांना ते दिसलेच नाही. विमान आकड्यांच्या मागे, त्याच दिशेला, स्पष्ट उभे होते. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, अपेक्षित कामात दर्शकाने हानी केली नाही. अनपेक्षित प्रसंगातच त्याची किंमत उघड झाली. नेहमीच्या वाटेवर पाच-पंचवीस फेऱ्या निर्विघ्न पार पडल्यावर चालकाला आपल्या चष्म्याविषयी जो विश्वास वाटू लागतो, त्याचे प्रामाण्य यावरून किती ते ठरवावे.

हे असे का व्हावे? फॉयल, मॅकॅन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात याचा मागोवा घेतला. काचेवरील चिन्हे स्थिर असतात, बाहेरचे दृश्य सरकत असते. एकत्र हलणाऱ्या वस्तूंचा मन एक गट बांधते, आणि म्हणून चिन्हे एका गटात व बाहेरचे जग दुसऱ्या गटात पडते. अवधान एका गटातून दुसऱ्यात न्यावे लागते. चिन्हे दृश्याशी निगडित करून, म्हणजे जणू ती धावपट्टीच्या कडेलाच रोवलेली आहेत अशा रीतीने दाखविली, तेव्हा ही फारकत पुष्कळच कमी झाली. दर्शकांतील हिताहिताचा विवेक करण्यास हा निकष उपयोगी आहे. वळण घ्यावयाच्या गल्लीच्या तोंडावरच उमटणारा बाण आणि मित्राचा निरोप यांस कायद्याने एकाच मापाने मोजणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र आजच्या चष्म्यांत जो मजकूर दिसतो तो बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा आहे. शिवाय तो रस्त्याला किंवा वाहनाला नव्हे, तर मस्तकाला जखडलेला असतो. दूरध्वनी एका जागी राहतो, वाहनाच्या काचेवर पाडलेले आकडेही समोर राहतात. चौकात उजवीकडून कोणी येत आहे काय हे पाहण्यासाठी चालकाने मान वळविली की त्यांपासून दृष्टी सुटते. चष्म्यातील अक्षरे मानेबरोबर वळतात.

प्रत्यक्ष गुगल ग्लासवर सॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने उद्धृत केलेला आढळतो. तरुण चालक कृत्रिम वाहनात बसून निरोपांना उत्तरे देत होते, काही ग्लासवर तर काही साध्या दूरध्वनीवर. पुढील वाहनाने एकाएकी ब्रेक लावला तेव्हा ग्लासधारकांची प्रतिक्रिया अधिक जलद नव्हती; प्रसंग टळल्यावर त्यांचे चालन अधिक लवकर पूर्ववत् झाले, इतकेच. निरोप पाठविताना दोन्ही गटांचे चालन बिघडले. याचा सरळ अर्थ असा की, हाताचा व मानेचा त्रास वाचला तो सावरण्याच्या अवस्थेत; धोका ओळखण्याच्या क्षणी त्याचा लाभ दिसला नाही. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये दूरध्वनीवरील संभाषणाविषयी काढलेला निष्कर्ष याच जातीचा होता. उपकरण हातात धरलेले असो वा नसो, संभाषणात गुंतलेल्यांकडून संकेत चुकण्याचे प्रमाण सारखेच वाढले होते.

आता भारतीय कायद्याकडे वळावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक चालनाचे जे प्रकार नमूद झाले, त्यांत वाहन चालविताना ‘हातात धरावयाची’ संपर्क-साधने वापरणे हा एक आहे. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, अथवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. चष्मा हातात धरला जात नाही. दंडविधानाचा अर्थ काटेकोरपणेच लावावयाचा, तर सारा निषेध एका विशेषणावर अडतो. त्याच स्पष्टीकरणात सक्षम व सावध चालकाकडून असलेल्या अपेक्षेहून फार खालच्या दर्जाचे चालन हाही प्रकार अंतर्भूत आहे, हे खरे. परंतु त्याचा उपयोग चालन बिघडल्यावर होणार, आधी नव्हे. २०२० मध्ये नियमावलीत केलेल्या दुरुस्तीने ही साधने केवळ मार्गदर्शनासाठी, आणि चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने, वापरण्यास मुभा दिली. कायद्याने येथे प्रथमच हात सोडून मनाला स्पर्श केला, ही गोष्ट अभिनंदनीय. एकाग्रता भंगली की नाही हे रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाने कशावरून ठरवावे, याचे उत्तर मात्र नियमात नाही.

हा प्रश्न आपल्याकडे परदेशाहून अधिक निकडीचा आहे. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील आणि १९.५ टक्के पायी चालणारी होती. ज्या रस्त्यावर मधूनच माणूस उतरतो, उलट दिशेने दुचाकी येते, गुरे बसलेली असतात, तेथे अनपेक्षित घटना हाच नित्यक्रम असतो. धावपट्टीवरील आडवे विमान हा वैमानिकाच्या आयुष्यात एखादा प्रसंग. आपल्या चालकाला तो दर कोसाला भेटतो.

तेव्हा आजच्या स्थितीत चालकास मजकूर दाखविणाऱ्या चष्म्याची मुभा न देणे हेच युक्त होय. कलमातून ‘हातात धरावयाची’ हे शब्द काढून चालकाच्या दृष्टिक्षेत्रात वाहनचालनाशी असंबद्ध मजकूर आणणारे कोणतेही साधन, असा निषेध असावा. पण तेवढ्याने सॅन डिएगोची अडचण सुटत नाही. यंत्र सुरू असल्याचे सिद्ध करता येत नसेल तर निषेध कागदावर राहील. उलटपक्षी, चष्मा घालण्यावरच बंदी घातली तर ज्यांच्या नंबराच्या भिंगांतच दर्शक आहे, त्यांनी रस्ता कोणत्या डोळ्यांनी पाहावा? छायाचित्रण चालू असताना अशा चष्म्यावर लहानसा दिवा लागतो, जेणेकरून भोवतालच्यांना ते कळावे. दर्शक चालू असताना बाहेरून दिसेल असा दिवा सक्तीचा करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड दिसत नाही. दुसरा मार्ग वाहन धावू लागताच दर्शक आपोआप बंद होण्याचा. आयफोनमध्ये वाहनाची गती ओळखून सूचना थोपविण्याची सोय २०१७ पासून आहे. तथापि बसणारा चालक आहे की शेजारचा प्रवासी, हे केवळ गतीवरून ओळखता येत नाही, म्हणून आपण वाहन चालवीत नसल्याचे सांगून ती सोय बाजूस सारण्याची मोकळीक ठेवावी लागली. हा भेद चष्म्याने नव्हे तर चालकाच्या आसनाने करावा आणि तसा संकेत चष्म्यास पोचवावा, अशी रचना मोटारीत शक्य आहे. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचे आसन चालकाच्या आसनाला लागूनच असते. तेथे ही रचना कशी साधावी, हा प्रश्न उरतो.