रात्रीची आगगाडी की तासाभराचे विमान?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील बारावीच्या एका विद्यार्थिनीला मुंबईच्या एका संस्थेत प्रवेशासाठी मुलाखतीचे बोलावणे आले. वेळ सकाळी साडेदहाची. तिच्या मुंबईच्या मामांचा निरोप आला, "पोरीला रात्रभर गाडीत कशाला हाल करायला लावता? विमानाने पाठवा. तासाभरात मुंबई!" वडिलांची शेती चार एकर. पण मुलीच्या भवितव्याचा प्रश्न, म्हणून तेही विचारात पडले आणि माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता. तुम्हीच सांगा, आगगाडी बरी की विमान?"

प्रश्न साधा वाटला तरी त्यात वेळेचा हिशेब आहे, तसाच ऊर्जेचाही. आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब येथे देत आहे. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. पण उत्तराची दिशा त्यामुळे बदलत नाही.

वेळेचा हिशेब

"तासाभरात मुंबई" हे विधान चुकीचे नाही, अपुरे आहे. तो तास विमानतळापासून विमानतळापर्यंतचा. मोताळ्यात विमानतळ नाही. राजूर घाट चढून बुलढाणा आणि तेथून पुढे छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळ गाठायचा, म्हणजे रस्त्याने सुमारे १७० कि.मी. आणि चार तास. तपासणीसाठी दीड तास आधी पोहोचायला हवे. उड्डाणाचा एक तास. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडणे आणि शहरातील प्रवास यांसाठी दीड तास. बेरीज झाली आठ तास. (जळगावचा विमानतळ आपल्याला जवळ आहे. सोयीच्या वेळी तेथून विमान मिळाले तर दोनेक तास वाचतील.)

आता आगगाडी. मोताळ्याहून मलकापूर स्टेशन बावीस-तेवीस कि.मी. तेथे जाणे आणि गाडीची वाट पाहणे यांत दीड तास. मलकापूर ते मुंबई सुमारे ५०० कि.मी., नऊ तास. उतरल्यावर आणखी एक तास. बेरीज साडेअकरा तास.

म्हणजे विमानाने साडेतीन तास वाचले. पण थांबा! रात्रीच्या गाडीतील नऊ तासांपैकी सात तास आपण झोपेत असतो. ते सात तास घरी असतो तरी झोपेतच गेले असते. ते वजा केले, तर आगगाडीने आपले जागेपणीचे साडेचारच तास घेतले. विमानाने मात्र आठच्या आठ. शिवाय मुलाखत साडेदहाची. सकाळचे विमान धरायचे तर मोताळ्याहून मध्यरात्रीच मोटारीने निघायला हवे, नाही तर आदल्या दिवशी जाऊन मुंबईत मुक्काम करायला हवा.

वजनदार गाडी, हलके ओढणे

आता ऊर्जेकडे वळू. येथे एक आश्चर्य आहे. बावीस डब्यांच्या गाडीचे इंजिनासह एकूण वस्तुमान प्रवाशांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १,००० किलोग्रॅम येते. १८० आसनांच्या जेट विमानात हाच वाटा सुमारे ३७० किलोग्रॅम असतो. म्हणजे आगगाडी माणशी जवळजवळ तिप्पट जड! मग तिला ऊर्जाही तिप्पट लागायला नको का?

नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या रेगड जमिनीतून भरलेली बैलगाडी नेताना बैलांच्या तोंडाला फेस येतो. तीच गाडी डांबरी सडकेवर आली की बैल सहज चालू लागतात. वजन तेच, बदलले ते चाकाखालचे. मऊ जमिनीत चाक रुतते, आणि बैलांची बरीचशी शक्ती माती दाबण्यात खर्च होते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा दोन्ही इतकी कमी दबतात, की त्यांचा स्पर्श एखाद्या नाण्याएवढ्या जागेत होतो. त्यामुळे घर्षणात वाया जाणारी ऊर्जा अगदी थोडी. ताशी ९०-१०० कि.मी. वेगाने जाताना चाकांचे घर्षण आणि हवेचा रोध मिळून गाडीला वजनाच्या हजारात सुमारे चार भाग एवढाच विरोध होतो. आपल्या प्रवाशाच्या वाट्याचे वजन ९,८०० न्यूटन. म्हणून त्याला ओढायला बल लागते सुमारे ४० न्यूटन. म्हणजे चार किलो साखरेची पिशवी हातात धरायला लागते, तेवढेच!

विमानाला रूळ नाही. विहिरीत पोहताना पाय तळाला टेकत नसतील, तर तरंगत राहण्यासाठी हातपाय मारत राहावे लागते. विमानाचेही तसेच. हवेत टिकून राहण्यासाठी पंखांनी हवा सतत खाली ढकलावी लागते, आणि त्याची किंमत रोधाच्या रूपाने मोजावी लागते. चांगल्या जेट विमानात हा एकूण रोध वजनाच्या सुमारे सतराव्या भागाएवढा असतो. ३७० किलोग्रॅमचे वजन सुमारे ३,६०० न्यूटन, त्याचा सतरावा भाग सुमारे २१० न्यूटन.

चाळीस आणि दोनशे दहा! जड आगगाडी हलक्या विमानापेक्षा पाचपट सोपी का, ते आता लक्षात आले असेल.

मुंबईपर्यंतची ऊर्जा

कार्य = बल × अंतर, हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच. आगगाडीसाठी ४० न्यूटन × ५ लाख मीटर = २ कोटी जूल. वाटेतील थांबे विसरून चालणार नाहीत. प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा ताशी १०० कि.मी. (सेकंदाला २८ मीटर) वेग घेण्यासाठी ½ × १,००० × २८², म्हणजे सुमारे ४ लाख जूल गतिज ऊर्जा लागते. पंधरा थांबे धरले तर ६० लाख जूल. मलकापूरपेक्षा इगतपुरी सुमारे ३५० मीटर उंच आहे. त्या चढासाठी आणखी सुमारे ३५ लाख. एकूण सुमारे ३ कोटी जूल, म्हणजे विजेची आठ युनिटे. दिवे, पंखे आणि तारांतील तूट धरून दहा युनिटे म्हणू. ही सगळी वीज कोळशापासून झाली असे मानले, तर युनिटमागे सुमारे १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणून एकूण १० किलोग्रॅम.

विमानासाठी संभाजीनगर-मुंबई सरळ अंतर २८० कि.मी. २१० न्यूटन × २.८ लाख मीटर = सुमारे ६ कोटी जूल. पण इंजिन इंधनातील जास्तीत जास्त तिसरा हिस्सा कामी लावते. म्हणून इंधनातून १८ कोटी जूल हवेत. एक लीटर विमान-इंधनात सुमारे ३.५ कोटी जूल असतात. म्हणजे माणशी पाच लीटर इंधन.

ही झाली आदर्श स्थिती. प्रत्यक्षात विमानाला आधी वर चढावे लागते. ७ कि.मी. उंची आणि सेकंदाला २०० मीटर वेग गाठण्यासाठी दर किलोग्रॅमला सुमारे ८९ हजार जूल, म्हणजे माणशी सव्वातीन कोटी जूल स्थितिज व गतिज ऊर्जा द्यावी लागते. उतरताना इंजिने मंद ठेवून विमान घसरगुंडीसारखे पुढे येते, त्यामुळे यातील बरीच परत मिळते. मात्र चढताना खालच्या दाट हवेतून जावे लागते, धावपट्टीपर्यंत सरपटत जावे लागते, मुंबईवर उतरण्यासाठी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हे सारे धरता माणशी दहा लीटरच्या आसपास इंधन जाते. लीटरमागे अडीच किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणून २५ किलोग्रॅम. लहान पल्ल्याचे उड्डाण दर किलोमीटरला सर्वांत महाग पडते ते यामुळेच. विमान वर जाऊन स्थिरावते न स्थिरावते, तोच उतरण्याची वेळ येते.

आणि विमानतळापर्यंतचे १७० कि.मी.? एकट्यासाठी मोटार केली, तर त्यातच दहा लीटर पेट्रोल जळेल, म्हणजे जवळजवळ उड्डाणाइतकेच! एस.टी.ने गेलात तर माणशी सुमारे एक लीटर डिझेल. म्हणजे मोटार आणि विमान मिळून आगगाडीच्या सुमारे पाचपट धूर, एस.टी. आणि विमान मिळून पावणेतीन पट.

रात्रीची त्रिज्या

मग विमानाने कधी जाऊच नये का? तसे नाही. रात्रीची गाडी दहा-बारा तासांत ताशी ५५ ते ७५ कि.मी. सरासरीने ६०० ते ९०० कि.मी. जाते. ही झाली आगगाडीच्या रात्रीची त्रिज्या. मलकापूरहून मुंबई या वर्तुळाच्या आत येते. कोलकाता सुमारे १,५०० कि.मी., म्हणून बाहेर. तेथे जायला रात्रीखेरीज जवळजवळ अख्खा दिवस मोडतो. कोणी अत्यवस्थ असेल, तर अशा पल्ल्याला विमानच धरावे.

रात्रीच्या वेळेचा उपयोग विमानांनीही केला आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास (आजचे चेन्नई) येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परतत. देश झोपलेला असताना पत्रे प्रवास करीत.

युरोपातही हाच प्रश्न सध्या चर्चेत आहे. जर्मन रेल्वेने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या शयनयान गाड्या बंद केल्या, तेव्हा शेजारच्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांतील अनेक मार्ग 'नाइटजेट' या नावाने चालवायला घेतले. फ्रान्सने २०२३ मध्ये, जेथे अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमाने कायद्याने बंद केली. कारण तेच: थोड्या पल्ल्यासाठी एवढे उंच चढणे पृथ्वीच्या वातावरणाला परवडत नाही.

हिशेबातील चूक

आमची विद्यार्थिनी वडिलांबरोबर रात्रीच्या गाडीने गेली. गाडी चाळीस मिनिटे उशिरा पोहोचली, पण हाताशी वेळ ठेवला असल्याने मुलाखत चुकली नाही. परत आल्यावर ती मला भेटली आणि म्हणाली, "सर, तुमचा हिशेब चुकला. तुम्ही सात तास झोप धरली होती. मला चारच तास लागली. डब्यात एक लहान बाळ रडत होते, आणि शिवाय मुलाखतीची धास्ती!"

तिचे म्हणणे रास्त होते. दुरुस्त हिशेबाने आगगाडीचे जागेपणीचे तास साडेसात झाले. विमानाचे आठ. म्हणजे वेळेचा फायदा जेमतेम अर्ध्या तासावर आला. मात्र चाळीस न्यूटन आणि दोनशे दहा न्यूटन यांतील अंतर तिच्या जागरणाने तसूभरही कमी झाले नाही.

तुम्हीही आपल्या गावापासून एखाद्या शहरापर्यंतचा असा हिशेब मांडून पाहा. घराच्या उंबऱ्यापासून पोहोचण्याच्या जागेपर्यंतचा प्रत्येक टप्पा लिहा, आणि झोपेचे तास वेगळ्या रकान्यात ठेवा. फक्त ते धरताना आमच्यासारखी चूक करू नका!