हृदयाच्या प्रवासाचे चार तास

आमच्या खराडीच्या घरापासून लोहगांवचें विमानतळ कांहीं दूर नाहीं. परंतु सायंकाळीं नगर रस्त्यावर मोटारींची दाटी झाली म्हणजे तेवढ्या वाटेलाहि तास लागतो. परवां असाच खोळंबून घरीं आलों, आणि पानावर बसतांना अवयवदानाचा विषय निघाला. माझे वडील बंधु अण्णा म्हणाले, "हृदय बर्फांत ठेवतात ना? मग रस्ते मोकळे करून धांवपळ कशाला? या घाईपायींच रोग्याला अगोदर मृत ठरवीत नसतील कशावरून?"

ही शंका पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येते, म्हणून तिचा खुलासा करणें अगत्याचें आहे.

मेंदूमृत ठरवावयाच्या रोग्याची तपासणी कायद्यानें चार डॉक्टरांच्या मंडळानें, सहा तासांच्या अंतरानें, दोनदां करावयाची असते. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकांतला कोणीहि त्या मंडळांत चालत नाहीं. तोंवर यंत्राच्या श्वासावर हृदय चालूच असतें, आणि संमति द्यावी कीं नाहीं, याचा विचार करण्यास आप्तांना अवधि मिळतो. घड्याळ सुरू होतें तें पुढें, हृदयाचा रक्तपुरवठा तोडतात त्या क्षणापासून.

हृदयाच्या स्नायुपेशींना जन्मभर विसांवा ठाऊक नसतो. रक्त थांबलें कीं त्यांची शिल्लक शक्ति मिनिटांत ओसरूं लागते. म्हणून पोटॅशियमयुक्त थंड द्राव धमन्यांतून सोडून हृदय शिथिल स्थितींत थांबवितात. ४ अंशांच्या सुमारास पेशींचा खर्च नेहमींच्या दशांशाच्या आसपास येतो. दशांश म्हणजे शून्य नव्हे. घाईचें मूळ येथेंच आहे.

शिवाय थंडीहि निरुपद्रवी नाहीं. पेशींच्या आवरणांत सोडियम बाहेर उपसणारे जणूं रहाट असतात. गारठ्यानें ते मंदावतात. सोडियम आंत सांचतें, त्यामागोमाग पाणी शिरतें, आणि पेशी भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगते. यावर उपाय म्हणून पेशींत सहजीं न शिरणारीं व पाण्याला बाहेर धरून ठेवणारीं द्रव्यें द्रावांत घालतात. विस्कॉन्सिन विद्यापीठांत बेल्झर व साउदर्ड यांनीं सिद्ध केलेला प्रसिद्ध द्राव याच तत्त्वावर आहे.

"म्हणजे भावोजी," वहिनी मध्येंच म्हणाल्या, "फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली कोथिंबीर गोठून काळी पडते, तसेंच हृदयाचें होईल?" अगदीं तसेंच! म्हणून हृदय द्रावासह एकांत एक अशा निर्जंतुक पिशव्यांत ठेवतात; बर्फ बाहेर राहतो, त्याचा स्पर्श स्नायूला होऊं देत नाहींत. नव्या पेट्या ४ ते ८ अंशांचेंच तपमान राखतात.

आणि आश्चर्य असें कीं, मोठी इजा पुष्कळदां प्रवास संपल्यावर होते. उपासाच्या काळांत पेशींत सक्सिनेट नांवाचें द्रव्य सांचतें. ऊन रक्त परत आलें कीं तें एकदम जळूं लागतें आणि प्राणवायूचीं दाहक रूपें उत्पन्न होतात. मूत्रपिंड एक दिवसाहून अधिक तग धरतें, हृदय मात्र सुमारें चारच तास.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं देशांतील पहिलें हृदयारोपण केलें तें फेब्रुवारी १९६८ मध्यें, केपटाउनच्या बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आंत. तो रोगी कांहीं तासांतच दगावला. पुढें ऑगस्ट २०१५ मध्यें पुण्यांत मेंदूमृत झालेल्या एका स्त्रीचें हृदय विमानानें मुंबईस व तेथून मुलुंडला नेऊन एका तरुणाला बसविलें, तें यशस्वी झालें. त्या दिवशीं वाटेवरच्या पोलिसांनीं मोटारी थोपविल्या त्या याच चार तासांसाठीं.

"आणि ते ओलांडले तर?" अण्णांनीं विचारलें.

तर नव्या छातींत तें हृदय दुबळें पडण्याचा धोका वाढत जातो. त्यासाठीं आतां पेटींतच प्राणवायुयुक्त थंड द्राव खेळविणारीं, किंवा ऊन रक्तावर हृदय धडधडतें ठेवणारीं यंत्रें निघालीं आहेत. पण तीं फार महाग.

अण्णा कांहीं बोलले नाहींत. ताक भात मात्र त्यांनीं नेहमींपेक्षां सावकाश संपविला.