नर्सने हात लावायचा नाही

अमेरिकेत नर्सिंगला जायचं ठरवलेल्या मुलामुलींनी हे वाचावंच. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2022 पासून ‘रायन्स लॉ’ लागू आहे. बरा होण्याची आशा नसलेल्या पेशंटला हॉस्पिटलात गांजापासून बनवलेलं औषध घेता येतं. डॉक्टरची शिफारस किंवा सरकारी कार्ड हवं. धूर ओढायला बंदी. औषध कुलूपबंद डब्यात ठेवायचं.

खरी मेख पुढे आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांनी ते द्यायचं नाही, डब्यातून काढायचंही नाही! पेशंटने स्वतः घ्यावं किंवा त्याची काळजी घेणाऱ्याने द्यावं. कारण राज्याने सूट दिली, तरी केंद्राच्या कायद्यात तेव्हा गांजा बंदच होता.

मग रात्री दोन वाजता पेशंट कळवळला आणि घरचं कुणी जवळ नसलं तर? डॉक्टरने लिहिलेलं मॉर्फिन नर्स देऊ शकते; उशाशी असलेल्या डब्यातलं नाही.